ह्युरॉनच्या तळाशी नेणारी बाई

ह्युरॉन सरोवरात, काठापासून बोटीनं पाऊण तासावर, नव्वद फूट पाण्याखाली एक लाकडी जहाज बसलेलं आहे. गेली एकवीस वर्षं मी लोकांना ते दाखवायला नेते. एवढंच माझं काम. संपादकांनी फोनवर 'निवृत्तीनंतरच्या आठवणी' मागितल्या तेव्हा मी म्हटलं, आठवणी देते, पण निवृत्त कोण झालंय? मी एकसष्ट वर्षांची आहे, डाव्या कानानं कमी ऐकते आणि यंदाच्या मोसमातही खाली जाऊन आले. पुढच्या मे महिन्यात बर्फ सरलं की पुन्हा जाणार आहे.

जहाज बघायला इतकं खाली कशाला जायचं, असं सगळे विचारतात. समुद्रात बुडालेल्या जहाजाचं लाकूड किडे खाऊन टाकतात. गोड्या, थंड पाण्यात तो किडा जगत नाही. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वी वादळात गेलेलं हे शिडाचं जहाज अजून जहाजासारखं दिसतं. तीनपैकी एक डोलकाठी उभी आहे. दोर ओवायच्या लाकडी कप्प्या जागच्या जागी आहेत. भटारखान्यात लोखंडी चूल आहे आणि चुलीवर किटली. त्या काळी या जहाजांवर स्वयंपाकाला पुष्कळदा बाई असायची. या जहाजावरही होती. बुडालेल्यांच्या यादीत खलाशांची नावं आहेत, तिच्या जागी नुसतं 'स्वयंपाकीण' एवढंच लिहिलंय. मी दर वेळी त्या चुलीपाशी थोडी थांबते. नमस्कार वगैरे करत नाही, हातात टॉर्च असतो. फक्त थांबते.

आता पाण्याबद्दल. ऑगस्टमध्ये सरोवराचं वरचं पाणी पोहण्यासारखं असतं. चाळीस-पन्नास फुटांवर एक थर लागतो, आणि तिथून खाली वर्षभर चार-पाच डिग्री. माणूस उघड्या अंगानं तिथे फार वेळ टिकत नाही. म्हणून आत पाणी न येणारा ड्रायसूट घालायचा, त्याच्या आत लोकरी कपडे, हातात जाड मोजे, डोक्याला घट्ट टोपी, कमरेला शिसं. पाठीवर सिलिंडर आणि तोंडात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली दाबाखालची हवा तोंडाला सोसेल अशी करून देणारं यंत्र. दाबातून सुटणारी हवा गार होते. त्यात पाणीही गार असेल तर कधीकधी यंत्रात बर्फ धरतं आणि झडप उघडीच राहते. मग हवा थांबतच नाही, भसाभस सुटते आणि दोन-तीन मिनिटांत सिलिंडर रिकामा. हे चांगल्यातल्या चांगल्या यंत्राचंही होऊ शकतं. त्यासाठी आम्ही कुशीला एक छोटा वेगळा सिलिंडर बांधतो. तोंडातलं सोडायचं, कुशीचं लावायचं, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयापासून जहाजापर्यंत बांधलेला दोर धरून सावकाश वर यायचं. घाईनं वर आलं तर अंगात मुरलेल्या वायूचे बुडबुडे होतात आणि माणूस लुळा होऊ शकतो. एकूण वीस सेकंदांचं काम आहे. ते त्या वीस सेकंदांत सुचलं पाहिजे, बस.

माझा या सगळ्याशी काय संबंध? तसा काहीच नव्हता. मी नागपूरची. प्रकाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअरची नोकरी लागली म्हणून आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आलो. व्हिसा त्याचा, त्यामुळे मला काम करायची परवानगी नव्हती. सात वर्षं मी एम.एस्सी. फिजिक्स असून पोळ्या लाटत बसले. मग छत्तिसाव्या वर्षी कम्युनिटी पूलमध्ये पोहायला शिकले, पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या बॅचमध्ये. नागपूरहून आई फोनवर म्हणायची, "कायले जाऊन राहिली वो पाण्यात? कोणी पाह्यलं तर काय म्हणन?"

माझ्या आजोबांच्या गावात एक विहीर होती. तिला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती. कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. आजोबांनी हे मला कधी रडून सांगितलं नाही, कुणाला पत्ता सांगावा तसं सांगितलं. त्यामुळे 'या वयात पाण्यात कशाला' असं कुणी विचारलं की मी उत्तर देत बसत नाही. आणखी थोडी खोल जाते.

पोहण्यातून डायव्हिंग आलं. ग्रीन कार्ड आल्यावर एका डाइव्ह शॉपमध्ये सिलिंडर भरायच्या कामाला लागले. मग रेग्युलेटर उघडून साफ करायला शिकले. छोट्या स्प्रिंगा, रबरी रिंगा, घरचा प्रेशर कुकर सांभाळलेल्या बाईला त्यात अवघड काही नाही. मग गाइड झाले. दुकानाचा मालक रॉन, आणि बोटीचा कॅप्टन डेल. डेल माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, दिवसात वीस वाक्यं बोलणारा माणूस. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकं बोटीवर चढायची, माझ्याकडे बघायची आणि डेलला विचारायची, "गाइड कुठे आहे?" डेल माझ्याकडे बोट दाखवायचा आणि इंजिन सुरू करायचा. वाद घालायला वेळच द्यायचा नाही.

गिऱ्हाइकं तरी एकेक. ओहायोहून दोन म्हातारे भाऊ दर वर्षी यायचे, धाकट्याच्या वाढदिवसाला. जहाजाच्या डेकवर थोरला रेग्युलेटरमधून गाणं म्हणायचा, नुसते बुडबुडे. एकदा एक दातांचा डॉक्टर खाली बराच वेळ भिंतीकडे तोंड करून राहिला. वर येताना बघते तर त्याच्या मांडीचा खिसा फुगलेला. भटारखान्यातली चिनी मातीची बशी होती. जहाजातली वस्तू उचलणं इथे गुन्हा आहे, हे मी सगळ्यांना बोटीवर चढतानाच सांगते. आम्ही वीस फुटांवर होतो. मी त्याला पाण्यात लिहायच्या पाटीवर लिहून दाखवलं, 'परत ठेव.' त्यानं मान हलवली, नाही. मी खिसा उघडला, बशी काढून घेतली, त्याला दोराला धरून डेलकडे वर पाठवला, आणि पुरेशी विश्रांती घेऊन दुपारी ती बशी स्वतः खाली नेऊन ठेवली. त्यानं रॉनकडे तक्रार केली की बाईनं अंगाला हात लावला. मी म्हटलं, खिशाला लावला.

हे सगळं हसून सांगण्यासारखं. पुढचं तसं नाही.

चार वर्षांपूर्वी जुलैमध्ये एका मराठी माणसानं बुकिंग केलं. त्याला हेमंत म्हणूया. व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला राहणारा, एका टेक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पन्नाशीच्या आतबाहेर. मालदीवला, अंदमानला डाइव्ह केलेल्या. लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, थंड पाण्यातल्या, ड्रायसूटमधल्या साठ डाइव्ह लिहिलेल्या. बरोबर बायको अपर्णा. ती पाण्यात उतरणार नव्हती, नुसती बोटीवर बसणार होती. (नाव खरं आहे. छापायला तिनं परवानगी दिली आहे. दिली आहे म्हणजे, "छापाच," असं म्हणाली.)

बंदरावर आधी छान गप्पा झाल्या. इतक्या लांब मराठी बोलणारी गाइड मिळाली म्हणून दोघं खूश. अपर्णानं डब्यातून थालीपीठ दिलं. मग हेमंत कपडे चढवायला लागला आणि मी त्याच्या हातांकडे बघायला लागले. साठ वेळा ड्रायसूट घातलेला माणूस त्याची चेन शोधत नाही. त्याच्या दंडावरची हवा सोडायची झडप कुठे आहे हे त्याला बघावं लागलं. कुशीचा छोटा सिलिंडर बांधून दिला तर विचारतो, "याची खरंच गरज आहे का?"

बोट निघाली होती. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "आज आपण खोल जहाजावर नको जाऊ या. किनाऱ्याजवळ पंधरा फुटांवर एक जुनी आगबोट पडलीय. तिथे तासभर या सूटची सवय करू. उद्या तुम्हाला जमतंय असं वाटलं, तर मोठं जहाज."

"उद्या आम्ही निघतोय. मी दहा तास ड्राइव्ह करून आलोय यार, पंधरा फुटांसाठी नाही."

"कळतंय मला. पण आज नाही."

"तुम्ही माझं लॉगबुक बघितलंत ना?"

"बघितलं. तुम्हालाही बघितलं."

मग तो अगदी सहज विचारावं तसं म्हणाला, "आडनाव काय म्हणालात तुम्ही?"

"मेश्राम."

"नागपूरकडच्या?"

"नागपूरचीच."

"अच्छा." बायकोकडे बघून तो हसला. "तरीच. काही लोकांना जरा अधिकार मिळाला की असं होतं."

अपर्णानं मान वळवली आणि ती पाण्याकडे बघत बसली. डेलला मराठी कळत नाही, पण माझा चेहरा कळतो. त्यानं इंजिनाचा वेग कमी केला आणि विचारलं, "सगळं ठीक?"

इथे मी चुकले. त्याची चूक त्यानं लिहावी, ही माझी आहे. मला वाटलं, आता नाही म्हटलं तर हा म्हणेल, बाईनं डूख धरला. त्याहून वाईट म्हणजे मलाच खात्री वाटेना. माझं 'नाही' त्या झडपेमुळे आहे की त्या 'तरीच'मुळे? दोन मिनिटांपूर्वी ते फक्त झडपेमुळे होतं. आता त्यात दुसरं काही मिसळलं असेल, या भीतीनं मी न्यायी व्हायला गेले. आणि डेलला म्हटलं, "ठीक आहे. मोठ्या जहाजावर चल."

खाली जाईपर्यंत सगळं बरं होतं. दोर धरून आम्ही थरातून गेलो, थंडी लागली, जहाज दिसलं. त्यानं हातानं 'छान' अशी खूण केली. डेकवर पोचलो तेव्हा त्याचा श्वास फार जोरात चाललाय हे बुडबुड्यांवरून दिसत होतं. मी सावकाश घे अशी खूण केली. त्याच वेळी त्यानं सूटमध्ये हवा भरण्यासाठी बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. एवढी हवा एकदम ओढली गेली, आणि रेग्युलेटर गोठला.

पाण्यात तो आवाज फार मोठा येतो. त्याच्या तोंडासमोर नुसता पांढरा फेस झाला. कुशीच्या सिलिंडरकडे हात नेण्याऐवजी त्यानं वर बघितलं आणि पाय मारले. सूटमध्ये हवा होतीच, तो बाणासारखा निघाला. मी त्याच्या छातीचा पट्टा पकडला. दोघंही पंधरा-वीस फूट वर गेलो. मी माझ्या सूटची हवा सोडली, त्याचा दंड उचलून त्याचीही सोडली. खाली आलो, परत वर गेलो, परत खाली. त्यातच माझ्या डाव्या कानात टच्च झालं.

अडचणीत दुसऱ्याला द्यायला ठेवलेला माझा जादा रेग्युलेटर मी त्याच्या तोंडात कोंबला. त्याच झटापटीत त्याचं कोपर लागून माझा मास्क उडाला. चार डिग्रीचं पाणी उघड्या डोळ्यांवर आलं की छाती आपोआप आवळते, श्वासच घेववत नाही. शिवाय फाटलेल्या पडद्यातून तेच पाणी कानात शिरलं आणि सगळं गरगर फिरायला लागलं. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. एका हातात त्याचा पट्टा होता. दुसऱ्या हातानं चाचपडले आणि दोर लागला. मी तो कोपरात अडकवला. दोर सरळ वरच जातो एवढं मला माहीत होतं, बाकी काही माहीत असायची गरज नव्हती.

हात-हात वर सरकत आलो. दोराला पंधरा फुटांवर आम्ही एक गाठ मारून ठेवतो, अंगातला वायू सावकाश निघून जावा म्हणून थांबायची ती जागा. मोज्यातून ती गाठ हाताला लागली. तो वर ओढत होता, मी पट्टा सोडला नाही. एक ते साठ असे पाच वेळा मोजले, नागपूरच्या शाळेत म्हणायचो त्या सुरात. मग वर आलो.

डेलनं दोघांनाही ओढून घेतलं, ऑक्सिजन लावला. हेमंतला खरचटलंसुद्धा नव्हतं. माझ्या कानातून रक्त येत होतं. धक्क्यावर उतरताना तो डेलला 'थँक्स' म्हणाला.

पंधरा दिवसांनी त्याची तक्रार आली. दुकानानं भाड्यानं दिलेलं यंत्र सदोष होतं, आणि वर जाऊ पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला गाइडनं खाली ओढून त्याचा जीव धोक्यात घातला. हेच त्यानं इंटरनेटवरही लिहिलं. ते यंत्र मी माझ्या हातानं साफ केलेलं होतं. मी रॉनला म्हटलं, बाहेरच्या माणसाकडून तपासून घे. त्यानं घेतलं. यंत्रात काही दोष निघाला नाही. तरी रॉन म्हणाला, "नंदा, दोन ओळींचं माफीपत्र लिहून दे. विषय संपेल. लोक वाचतात ते."

मी म्हटलं, "मी त्याला खाली न्यायला नको होतं. मला दिसत होतं आणि तरी नेलं. त्याची मी माफी मागते, तुझी आणि डेलची. लेखी हवी तर लेखी देते. पण त्याचा जीव वाचवला याची माफी मागणार नाही."

"फक्त दोन ओळी."

"एक शब्दसुद्धा नाही."

"मग मला दुसरी गाइड बघावी लागेल."

"बघ," मी म्हटलं, आणि माझी हत्यारांची पेटी उचलून घरी आले. सोळा-सतरा वर्षांचं काम होतं.

नोव्हायमध्येही बातमी पोचायला वेळ लागला नाही. गणपतीच्या कार्यक्रमात एक काकू प्रसादाची वाटी हातात देत म्हणाल्या, "अगं, ते व्हर्जिनियाचे गृहस्थ तुझ्याबरोबर बुडता बुडता वाचले म्हणे?"

"बुडत होते, काकू. वाचवले."

कानाचं ऑपरेशन झालं. पडदा जोडला गेला, ऐकू कमी यायला लागलं. प्रकाश म्हणाला, "आता बास कर ना. झालं की इतकी वर्षं. काय सिद्ध करायचंय?" मी त्याला विचारलं, तुझ्या प्लँटमध्ये तुझ्यावर खोटा आळ आला असता तर तू गाड्या बनवणं सोडलं असतंस? दुसऱ्या दिवशी तो मला डॉक्टरकडे घेऊन गेला, पाण्यात कधी जाता येईल ते विचारायला. डॉक्टर म्हणाले, पडदा पूर्ण भरू दे, मग सावकाश, आणि पुढची जबाबदारी तुमची. मी म्हटलं, चालेल.

एप्रिलमध्ये डेलचा फोन आला. त्या दिवशीच्या त्याच्या वीस वाक्यांपैकी चार त्यानं त्यात खर्च केली. "बोट माझी आहे. रॉनची नाही. मला गाइड हवी. आहेस का?"

तेव्हापासून आम्ही दोघंच धंदा करतो. पहिलं वर्ष कठीण गेलं, ते लिखाण वाचून लोक बुकिंग कॅन्सल करायचे. मी एक नियम केला. खोल जहाजावर नेण्याआधी प्रत्येकाला पंधरा फुटांवर माझ्यासमोर यंत्र बदलून दाखवावं लागेल, साठ डाइव्ह असोत की सहाशे. जमलं नाही तर नाही. कारण कुणाला पटो न पटो. आणि मनात काय मिसळलंय हे मी आता तपासत बसत नाही. डोळ्यांना जे दिसलं त्यावर नाही म्हणते.

त्यानंतरच्या वर्षी जानेवारीत एक फोन आला.

"मी अपर्णा. हेमंतची बायको. फोन ठेवू नका, प्लीज."

मी ठेवला नाही.

"मला ते जहाज बघायचंय. मी स्विमिंग शिकले, बेसिक कोर्स झाला. आता थंड पाण्यातलं शिकायचंय. तुमच्याकडे."

"माझ्याकडेच का?"

ती म्हणाली, "तो बोटीवर तुम्हाला जे बोलला ते मी ऐकलं होतं. आणि त्या लॉगबुकातल्या साठ डाइव्ह... सुनंदाताई, येताना थोडा वेळ मी गाडी चालवत होते आणि तो शेजारी बसून त्या लिहीत होता. दोन-तीन रंगांची पेनं घेऊन. मला माहीत होतं. मी तेव्हा काही बोलले नाही. नंतरही बोलले नाही."

लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस विरघळतो. मी नाही विरघळले. मला तिचा राग आला, त्याच्यापेक्षा जास्त. त्याला निदान धोका कळत नव्हता. तिला खोटं कळत होतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे." सबब एकही सांगितली नाही. मी जून महिन्यातल्या तारखा दिल्या.

ती एकटीच ड्राइव्ह करून आली. मी विचारलं, "घरी काय सांगितलंस?"

"जहाज बघायला चाललेय म्हटलं. तो म्हणाला, त्या बाईकडे? मी म्हटलं, हो, त्याच बाईकडे."

तिनं एक पत्र लिहून आणलं होतं. काय पाहिलं, काय ऐकलं, सगळं, खाली सही. एक प्रत रॉनला आधीच पाठवली होती. मी वाचलं आणि म्हटलं, "हे लिहिलंस ते चांगलं केलंस. पण पत्र आणलंस म्हणून पास करणार नाही."

"करू नका," ती म्हणाली.

आणि मी केलं नाही. पहिल्या दिवशी पंधरा फुटांवर मी तिची हवा बंद केली की ती डोळे मोठे करून वर बघायची. नापास. दुसऱ्या दिवशी कुशीचं यंत्र सापडलं, पण तोंडात लावताना ती पाणी प्यायली. नापास. रात्रीत तिनं मोटेलच्या खोलीत ते सगळं बांधून, डोळे मिटून सराव केला म्हणे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी न सांगता हवा बंद केली. तिचा हात थेट कुशीकडे गेला. मी पुन्हा केलं, पुन्हा गेला. आठ वेळा केलं. नवव्या वेळी मी हात पुढे नेताच तिनंच माझं मनगट धरलं आणि बोट हलवलं, पुरे. मला हसू आलं. पाण्यात हसलं की मास्कमध्ये पाणी शिरतं.

त्याच आठवड्यात रॉनचाही फोन आला. पत्र वाचलं, म्हणाला. वाईट वाटतंय, म्हणाला. परत ये, म्हणाला, रेग्युलेटरचं काम तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. मी म्हटलं, "जमत नाही हे मला माहीत आहे. पण शनिवारी माझं बुकिंग आहे." आणि फोन ठेवला.

शनिवारी वारा पडलेला होता. डेलनं बोट बोयाला बांधली. खाली जाताना थर लागला तशी अपर्णा थांबली. दोर दोन्ही हातांनी धरून तशीच राहिली. मी तिच्या समोर तरंगत थांबले. वर जायचं असेल तर अंगठा वर करायचा, एवढी खूण ठरलेली असते, आणि अंगठा कुणी का वर केला असं आम्ही कधी विचारत नाही. मी तिच्या हाताकडे बघत होते. तिनं एक हात सोडला. मला वाटलं, आता अंगठा. तिनं तो हात दोरावर खालच्या बाजूला धरला, मग दुसरा त्याच्या खाली.

जहाजावर आम्ही अठरा मिनिटं होतो. ती सगळीकडे टॉर्च टाकत हिंडली, कशालाही हात न लावता. वर येताना गाठीपाशी थांबलो, पाच मिनिटं, तिनं माझ्याशिवाय स्वतः मोजली.

पाण्याबाहेर डोकं काढलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. थंडीनं ते इतके बधिर होतात की शब्द नीट निघत नाहीत, जीभ भाजल्यासारखं बोलतं माणूस. शिडीला धरून ती काहीतरी बडबडायला लागली. डेलला एक अक्षर कळेना.

"काय म्हणतेय ती?" त्यानं मला विचारलं. "बरी आहे ना?"

मी माझा उजवा कान तिच्या तोंडाजवळ नेला. तिनं पुन्हा सांगितलं.

"म्हणतेय, उद्या परत जायचंय."

डेलनं आभाळाकडे बघितलं. "उद्या वारा आहे."

अपर्णानं मान हलवली आणि दोन बोटं वर केली. एवढं डेललाही कळलं.

"परवा," तो म्हणाला, आणि तिला वर ओढून घेतलं.